दोन संगणक, एक तंबोरा : घरच्या स्टुडिओची जोडणी पायरीपायरीने

सांगली-मिरजेत घरच्या घरी ध्वनिमुद्रण करणारी मंडळी आता बरीच आहेत. कोणी भजनी मंडळाचे अभंग मुद्रित करतो, कोणी एकांकिकेचे पार्श्वसंगीत करून देतो, कोणी गणेशोत्सवाच्या तोंडावर मंडळाचे गाणे बसवतो. बहुतेकांची सुरुवात एका लॅपटॉपवर होते. मग एक दिवस असा येतो, की व्हायोलिनचा ताफा, बासरी, ढोलकी आणि त्यांवर दोन-चार इफेक्ट एवढे उघडले, की लॅपटॉपचा पंखा घरघरू लागतो आणि आवाज मध्येच तुटतो. घरात जुना डेस्कटॉप पडून असतोच. तो याला जोडून ओझे वाटून घेता येईल का, असे मला वरचेवर विचारले जाते. घेता येते. मात्र ‘जोडणे’ या एका शब्दात चार निरनिराळी कामे लपलेली आहेत आणि त्यांतले आपल्याला कोणते हवे आहे हे ठरवण्याआधीच माणूस बाजारात जाऊन केबल आणतो, तिथे सगळा घोळ सुरू होतो.

पहिले काम म्हणजे स्वरांच्या सूचना पाठवणे: कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, कधी सोडली. यालाच मिडी म्हणतात आणि यात प्रत्यक्ष आवाज नसतो. दुसरे काम म्हणजे प्रत्यक्ष ध्वनी एका संगणकातून दुसऱ्यात नेणे. तिसरे म्हणजे दोन्ही संगणकांना एकाच लयीत चालवणे. चौथे अगदी साधे, दोन्ही संगणक एकाच कीबोर्ड-माउसने हाताळणे. ओझे वाटून घ्यायचे असेल तर पहिली दोन कामे लागतात. दोघे मित्र आपापला लॅपटॉप घेऊन एकत्र वाजवणार असतील तर केवळ तिसरे पुरते.

त्याआधी एक सल्ला, जो ऐकून काहींचा उत्साह थोडा मावळतो. जोडणीच्या वाटेला जाण्यापूर्वी आहे त्या लॅपटॉपवर तीन गोष्टी करून पाहाव्यात. वाजवून झालेले ट्रॅक ‘फ्रीझ’ करावेत, म्हणजे त्यांचा तयार ध्वनी साठवला जातो आणि प्रोसेसरवरचा भार उतरतो. मिक्सिंगच्या वेळी बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो ध्वनीच्या मोजमापांचा (नमुन्यांचा) साठा, 128 वरून 512 किंवा 1024 वर न्यावा. रॅम 8 जीबी असेल आणि वाढवता येत असेल तर ती 16 करावी. एवढ्याने काम भागत असेल तर दुसरा संगणक झाकूनच ठेवलेला बरा, कारण दोन संगणक म्हणजे दोन ठिकाणचे अपडेट आणि बिघाडाच्या दुप्पट जागा.

तरीही गरज उरली, तर पुढे वाचावे.

वायर

वायफायचा मोह पहिल्यांदाच सोडावा. वायफायवर पाकिटे, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, पोहोचतात, पण एकसारख्या अंतराने पोहोचत नाहीत. एक 2 मिलिसेकंदांत येते, पुढचे 30 मिलिसेकंद घेते. सिनेमा पाहताना हे जाणवत नाही, कारण तिथे काही सेकंदांचा साठा आधीच करून ठेवलेला असतो. वाजवताना तसा साठा करता येत नाही. अपार्टमेंटमध्ये तर शेजाऱ्यांचे दहा राउटर त्याच हवेत बोलत असतात.

म्हणून इथरनेट केबल घ्यावी, कॅट 5ई किंवा कॅट 6. दोनच संगणक असतील तर मध्ये काहीही लागत नाही, केबलचे एक टोक यात आणि दुसरे त्यात. पूर्वी यासाठी उलट्या जोडणीची ‘क्रॉस’ केबल लागत असे. आताचे पोर्ट ते स्वतः ओळखतात. तीन संगणक असतील तर गिगाबिट स्विच घ्यावा. लॅपटॉपला इथरनेटचे भोक नसेल तर यूएसबी 3 चा गिगाबिट अडॅप्टर घ्यावा. स्वस्तातला यूएसबी 2 चा अडॅप्टर घेतला तर केबल कितीही चांगली असली तरी वेग त्याच्यापाशीच अडतो.

येथे हिशेब करून पाहण्यासारखा आहे. 24 बिट आणि सेकंदाला 48,000 नमुने या दर्जाच्या एका चॅनेलला सेकंदाला सुमारे 1.15 मेगाबिट लागतात, म्हणजे सोळा चॅनेलना साधारण 18.5. मग 100 मेगाबिटची जुनी जोडणी का चालू नये? जागा पुरते, पण प्रश्न जागेचा नसून वाट पाहण्याचा आहे: तेच पाकीट गिगाबिट तारेवर दहापट लवकर उतरते आणि पुढच्याला मार्ग मोकळा होतो. केबल लावल्यावर नेटवर्कच्या माहितीत वेग 1000 दिसतो की 100 हे जरूर पाहावे. गिगाबिटसाठी आतल्या आठही तारा लागतात. टोकाला क्लिप नीट दाबली गेली नसेल आणि एखादी तार सुटलेली असेल, तर जोडणी मुकाट्याने 100 वर उतरते आणि कोणीही तक्रार दाखवत नाही.

पत्ता

आता दोन्ही संगणकांना एकमेकांचा पत्ता हवा. घरच्या राउटरकडून तो आपोआप मिळतो, पण राउटर बंद-चालू झाला की बदलू शकतो. थेट केबल असेल तर पत्ता देणारा कोणी नसतोच, आणि संगणक 169.254 ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतो. म्हणून पत्ता हाताने द्यावा. विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेटच्या पानावर आयपी ‘मॅन्युअल’ करून मुख्य संगणकाला 192.168.50.1 आणि दुसऱ्याला 192.168.50.2 लिहावे. सबनेट मास्क 255.255.255.0 ठेवावा, काही आवृत्त्या याच जागी 24 हा आकडा मागतात. गेटवेची, म्हणजे बाहेरच्या नेटवर्कला नेणाऱ्या वाटेची, जागा रिकामी सोडावी. इंटरनेट वायफायवरून चालू राहते आणि ध्वनीची वाहतूक केबलवरून होते. घरच्या राउटरचे पत्ते 192.168.50 नेच सुरू होत असतील, तर तिसरा आकडा बदलून 60 करावा, नाहीतर दोन्ही वाटांचा गोंधळ होतो.

नवख्यांचा सर्वांत जास्त वेळ यानंतरच्या पायरीवर जातो. पत्ता बरोबर, केबल बरोबर, तरी एका संगणकावरून दुसऱ्याला ‘पिंग’ केले, म्हणजे ‘आहेस का’ असे विचारले, की उत्तर येत नाही. बहुतेक वेळा दोष जोडणीत नसतो. गेटवे नसलेल्या नेटवर्कला विंडोज ‘अनोळखी’ ठरवते आणि ‘पब्लिक’ गटात टाकते, म्हणजे रेल्वे स्टेशनवरच्या वायफायला जी वागणूक मिळते तीच तुमच्या टेबलावरच्या दीड मीटर केबलला मिळते. शिवाय बाहेरून आलेल्या पिंगला विंडोजची फायरवॉल एरवीही सहसा दाद देत नाही. त्यामुळे फायरवॉल बंद करून टाकण्याऐवजी जे संगीताचे सॉफ्टवेअर वापरणार आहात, त्याला फायरवॉलच्या यादीत ‘प्रायव्हेट’ आणि ‘पब्लिक’ अशा दोन्ही चौकटींत परवानगी द्यावी आणि पिंगवर विसंबण्यापेक्षा त्या सॉफ्टवेअरलाच दुसरा संगणक दिसतो का, हे पाहावे.

लॅपटॉपमध्ये पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’ वर ठेवावा आणि नेटवर्क कार्डाच्या प्रगत सेटिंगमध्ये वीज वाचवणारे ‘एनर्जी एफिशिएंट’ किंवा ‘ग्रीन’ इथरनेट बंद करावे. ही सोय शांततेत पोर्टला डुलकी घेऊ देते. आलापाच्या मधल्या विरामात घेतलेली डुलकी आपल्याला परवडत नाही.

स्वर आधी, ध्वनी नंतर

पहिली परीक्षा मिडीने घ्यावी, कारण मिडी हलका असतो आणि चुकला तर चूक लगेच कळते. 1983 साली आलेल्या मूळ मिडीची पाच खिळ्यांची केबल सेकंदाला 31,250 बिट एवढ्याच वेगाने चालते; तीवर एक स्वर पोहोचायला जवळपास 1 मिलिसेकंद लागतो आणि दोन्ही हातांनी दहा पट्ट्या एकदम दाबल्या, तर पहिल्या आणि शेवटच्या स्वरात 10 मिलिसेकंदांपर्यंत अंतर पडू शकते. एका केबलवर चॅनेल सोळाच. इथरनेटवर ही अडचण राहत नाही. मॅकमध्ये नेटवर्क मिडीची सोय अंगचीच आहे: ‘ऑडिओ मिडी सेटअप’ उघडून मिडी स्टुडिओच्या खिडकीत नेटवर्कचे चित्र निवडावे, नवे सेशन तयार करून ते चालू करावे. विंडोजसाठी ‘आरटीपीमिडी’ हे मोफत सॉफ्टवेअर मिळते. त्याला ‘बॉनजूर’ ही ॲपलची सेवा लागते, ती बसवताना मागितली तर नाही म्हणू नये. दोन्हीकडे सेशन चालू करून एकाने दुसऱ्याला ‘कनेक्ट’ केले, की मुख्य संगणकावर दाबलेली पट्टी दुसऱ्या संगणकावरचे वाद्य वाजवू लागते.

एवढे झाले की ध्वनी परत आणायचा. याच्या दोन वाटा आहेत आणि त्यांतली कोणती निवडता यावर पुढची शांतता अवलंबून आहे.

पहिल्या वाटेत दुसऱ्या संगणकाला साउंड कार्ड असण्याची गरजच नसते. ‘व्हिएन्ना आन्सांबल प्रो’ हे विकतचे आणि ‘ऑडिओग्रिडर’ हे मोफत, अशी दोन सॉफ्टवेअर या पद्धतीने चालतात. दुसऱ्या संगणकावर त्यांचा सर्व्हर, म्हणजे मागणी येताच काम करून देणारा भाग, चालू ठेवायचा आणि मुख्य संगणकावरच्या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचे प्लगिन, म्हणजे मोठ्या सॉफ्टवेअरच्या आत चालणारे छोटे सॉफ्टवेअर, एखाद्या वाद्यासारखे उघडायचे. प्लगिन स्वरांच्या सूचना केबलवरून पाठवते, दुसरा संगणक वाद्य वाजवतो आणि तयार ध्वनी त्याच केबलने परत येतो. म्हणजे वर सांगितलेले मिडीचे वेगळे सॉफ्टवेअरही पुढे लागत नाही. ते केवळ जोडणी पारखण्यापुरते होते. ऑडिओग्रिडरमध्ये दूरच्या प्लगिनची खिडकीही मुख्य पडद्यावर दिसते, त्यामुळे दुसऱ्या संगणकाला मॉनिटर न जोडताही काम भागते. नवख्याने सुरुवात यानेच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बसवण्याचा क्रम सोपा आहे: दुसऱ्या संगणकावर आधी वाद्यांची सॉफ्टवेअर आणि त्यांचे आधीच मुद्रित केलेले स्वर एसएसडीवर टाकावेत, मग सर्व्हर बसवून प्लगिनची यादी तयार होऊ द्यावी, मग मुख्य संगणकावर प्लगिन उघडून सर्व्हरचा पत्ता 192.168.50.2 द्यावा. वाद्याचा परवाना एका संगणकापुरता आहे की दोन, हे मात्र विकत घेतानाच्या अटींत पाहून ठेवावे.

या पद्धतीत थोडा उशीर पडतो. 48,000 नमुन्यांवर 256 चा बफर म्हणजे 5.3 मिलिसेकंद, सर्व्हरने असे दोन बफर थांबायचे ठरवले तर त्यात 10.7 ची भर पडते. आवाज हवेतून मिलिसेकंदाला सुमारे 34 सेंटिमीटर जातो, तेव्हा हा उशीर साडेतीन मीटर लांब ठेवलेल्या स्पीकरएवढा झाला. रेकॉर्ड झालेला ट्रॅक सॉफ्टवेअर आपणहून जागेवर सरकवून घेते, त्यामुळे मिक्सिंगमध्ये हा उशीर जाणवत नाही. प्रत्यक्ष वाजवताना मात्र हार्मोनियमवाल्याचा हात लगेच अडखळतो. म्हणून जे वाद्य आत्ता हाताने वाजवायचे ते मुख्य संगणकावर ठेवावे आणि वाजवून झालेली, मागे चालणारी वाद्ये दुसऱ्याकडे धाडावीत.

दोन घड्याळांची गोष्ट

दुसऱ्या वाटेत दोन्ही संगणकांना आपापले ऑडिओ इंटरफेस (माइक-स्पीकर जोडायचे बाहेरचे साउंड कार्ड) असतात आणि ते ऑप्टिकल किंवा डिजिटल केबलने जोडले जातात. ॲडॅट ऑप्टिकलच्या एका केबलमधून 48,000 वर आठ चॅनेल जातात, एस्पीडिफमधून दोन. वाट उत्तम आहे, उशीरही फारच थोडा. पण याच वाटेवर मी स्वतः तीन आठवडे घालवले आहेत.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या खोलीत एका गायिकेसाठी तंबोरा मुद्रित करत होतो. मिरजेचा तंबोरा, जवारी लागलेली, खर्ज असा की खोलीतल्या स्टीलच्या ग्लासाला कंप सुटावा. मुद्रण ऐकताना षड्जाच्या झंकारात मध्येच बारीकशी ‘टिक’ ऐकू आली. मग दुसरी. तबल्याच्या ट्रॅकवर असे काहीच नव्हते. मी जवारीचा दोरा सरकवून पाहिला, माइक बदलला, पंखा बंद केला, आणि शेवटी तंबोरा उचलून मिरजेला सतारमेकर गल्लीत घेऊन गेलो. तिथल्या वृद्ध कारागिरांनी तो मांडीवर आडवा घेतला, भोपळ्याला कान लावून चारही तारा दोनदा छेडल्या आणि म्हणाले, “वाद्यात काही नाही हो. तुमच्या डब्यातच बघा.”

डब्यातच होते. प्रत्येक इंटरफेसमध्ये एक स्फटिक असतो आणि तोच सेकंदाला 48,000 ठोके मोजतो. दोन स्फटिक तंतोतंत सारखे कधीच नसतात. दहा लाखांत वीस इतका फरक धरला, तरी सेकंदाला जवळपास एक नमुना कमी-जास्त होतो. दोन्ही इंटरफेस आपापल्या घड्याळावर चालत असतील, तर पाठवणारा आणि घेणारा हळूहळू एकमेकांपासून सरकतात आणि ठरावीक काळाने एक नमुना गळतो किंवा दोनदा मोजला जातो. तीच ती टिक. तबल्याच्या आघातांत ती दडून जाते. तंबोऱ्याचा अखंड झंकार म्हणजे पांढरेशुभ्र धोतर, त्यावर सुईएवढा डागही दिसतो.

इलाज दोन मिनिटांचा आहे. एका इंटरफेसच्या नियंत्रण खिडकीत घड्याळाचा स्रोत ‘इंटर्नल’ ठेवावा आणि दुसऱ्याच्या खिडकीत तो ‘ॲडॅट’ किंवा ‘एस्पीडिफ’ करावा, म्हणजे दुसरा आपले घड्याळ बाजूला ठेवून पहिल्याचे ठोके मोजतो. दोन्हीकडे नमुन्यांचा दर एकच हवा; एक 44,100 आणि दुसरा 48,000 असेल तर सूर चढतो किंवा जोडणी लागतच नाही. जोडणी झाल्यावर तंबोऱ्याचा किंवा साध्या एकसुरी आवाजाचा ट्रॅक दहा मिनिटे चालवून हेडफोनवर ऐकावा. तबल्यावर परीक्षा घेऊ नये. पहिल्या वाटेने, म्हणजे साउंड कार्डाविना गेलात तर घड्याळ एकच राहते आणि हा सगळा प्रकरणाचा भागच गळून पडतो, म्हणूनच माझा कौल तिकडे आहे.

लय जुळवणे

दोघांनी दोन लॅपटॉपवर एकत्र वाजवायचे असेल, नाटकाच्या प्रयोगाला एकावर पार्श्वसंगीत आणि दुसऱ्यावर ठेके असतील, तर ‘एबल्टन लिंक’ पुरते. हे 2016 साली आले, आता अनेक सॉफ्टवेअर आणि मोबाइल ॲपमध्ये असते, आणि एकाच नेटवर्कवर असलेल्यांची गती व मात्रा आपोआप जुळवते. यात ध्वनी जात नाही, केवळ लय जाते, त्यामुळे एरवी नको म्हटलेले वायफायही येथे चालून जाते. जुन्या उपकरणांशी जुळवायचे असेल तर मिडी क्लॉक वापरावे, जे एका मात्रेचे 24 भाग करून ठोके पाठवते. विलंबित ख्यालाच्या साथीसाठी यांतले काहीही उपयोगाचे नाही. तिथे लय गायकाच्या श्वासाबरोबर हलते.

गुणगुण आणि वीज

दोन संगणक साध्या ऑडिओ केबलने जोडले, की स्पीकरमधून खालच्या पट्टीतली एक गुणगुण येऊ लागते. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून गुणगुण 50 आणि 100 हर्ट्झवर असते. दोन संगणक दोन वेगळ्या भिंतींतल्या प्लगना लावलेले असले, की त्यांच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक पडतो आणि तो ऑडिओ केबलच्या जाळीतून वाहतो. यावर प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा जो ‘उपाय’ काही जण सांगतात, तो करू नये. आवाज जातो, पण बिघाड झाला तर संगणकाचे पत्र्याचे अंग धक्का देऊ शकते. दोन्ही संगणक, मॉनिटर आणि स्पीकर एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर घ्यावेत. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. गुणगुण थांबली तर कारण तेच. तरीही राहिली तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा डीआय बॉक्स (हे ध्वनी जाऊ देतात, पण विजेचा थेट संबंध तोडतात) लावावा, नाहीतर ऑप्टिकल केबलवर जावे, कारण काचेतून किंवा प्लास्टिकमधून प्रकाश जातो, वीज जात नाही.

उन्हाळ्यात वीज जाण्याची सवय आपल्याला आहेच. यूपीएसवर दोन्ही संगणक तर घ्यावेतच, पण नेटवर्क स्विचही घ्यावा; तो विसरला, की संगणक चालू आणि सर्व्हर तुटलेला अशी अवस्था होते. तळमजल्यावर खोली असेल आणि घर कृष्णाकाठच्या भागात असेल, तर हे सगळे टेबलाखाली ठेवू नये. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर हे सांगण्याची गरज सांगलीकरांना नाही, पण शिकायला बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांना आहे.

रोजचा क्रम

सुरू करताना आधी स्विच, मग दुसरा संगणक आणि त्यावरचा सर्व्हर, मग मुख्य संगणक, सर्वांत शेवटी स्पीकर. बंद करताना नेमके उलट, स्पीकर पहिले, म्हणजे ‘ठप्प’ असा धक्का त्यांच्या पडद्याला बसत नाही. दुसऱ्या संगणकाला वेगळा कीबोर्ड-माउस नको असेल तर विंडोजवर ‘माउस विदाउट बॉर्डर्स’ मोफत मिळते. त्यात माउस एका पडद्याच्या कडेवरून थेट दुसऱ्यावर सरकतो. विंडोजचे स्वतःचे रिमोट डेस्कटॉप मात्र टाळावे. ते जोडताच दूरच्या संगणकाचा ध्वनी इकडे वळवू पाहते आणि चालू असलेले साउंड कार्ड सॉफ्टवेअरला दिसेनासे होऊ शकते. त्याऐवजी व्हीएनसी पद्धतीचे, म्हणजे दूरचा पडदा नुसता दाखवणारे आणि हाताळू देणारे, कोणतेही सॉफ्टवेअर वापरावे.

गाणे पूर्ण झाले, की आणखी एक काम राहते. दुसऱ्या संगणकावर वाजणारे प्रत्येक वाद्य मुख्य संगणकात स्वतंत्र ट्रॅकवर ध्वनीरूपात उतरवून घ्यावे, फायलीच्या नावात वाद्य, पट्टी आणि गती लिहावी, उदाहरणार्थ ‘बासरी, काळी दोन, 92’, आणि ते फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावे. दोन वर्षांनी मंडळाचे लोक तेच गाणे नव्या आवाजात करायला येतात, तेव्हा जुना डेस्कटॉप बहुधा भंगारात गेलेला असतो.